‘ळ’ची जागा आणि संगणकाला द्यावयाची आज्ञा

मराठी वर्णमालेत ‘ह’ नंतर ‘ळ’ येतो आणि त्यानंतर क्ष, ज्ञ. शाळेपासून हा क्रम आपल्या जिभेवर बसलेला आहे, आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातील वर्णमालेतही ‘ळ’ ‘ह’ नंतरच आहे. संगणकाला मात्र यातले काही ठाऊक नसते. त्याच्या लेखी अक्षर म्हणजे एक क्रमांक. भारतीय लिप्यांसाठी १९८८ साली ‘इस्की’ नावाची जी सामाईक मांडणी झाली, तीत ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसविले. पुढे युनिकोडने देवनागरीपुरती तीच मांडणी उचलली. त्यामुळे यंत्राच्या हिशेबी ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांची नावे मी या दोन्ही पद्धतींनी लावून पाहिली. गंमत अशी की, खामगाव, चिखली, जळगाव जामोदपासून सिंदखेड राजापर्यंत क्रम दोन्हीकडे तोच येतो! एवढ्यावर समाधान मानणारा फसतो. त्या यादीत जव्हार घाला. यंत्र जळगाव आधी घेते. मराठी क्रमाने जव्हार आधी हवे. वर्गाच्या हजेरीत तर काळे, कासार, कुलकर्णी, क्षीरसागर ही आडनावे हमखास सापडतात. मराठी क्रमाने कासार काळ्यांच्या आधी येतात आणि क्षीरसागर थेट यादीच्या तळाशी जातात. ‘क्ष’ हे जोडाक्षर आहे, ते ‘क’मध्येच घ्यावे, असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्याशी मी भांडणार नाही. ‘ळ’च्या बाबतीत मात्र तडजोड नको.

यावर उपाय आहे. ‘मोंगोडीबी’ हा माहितीचा साठा सांभाळणारा एक प्रसिद्ध डेटाबेस. सी भाषेतला आपला प्रोग्राम त्या साठ्याला स्वतः हात लावीत नाही. ग्रंथालयाच्या खिडकीवर आपण चिठ्ठी देतो, तशी तो सर्व्हरला आज्ञा देतो : अमुक संग्रहातील नोंदी शोध आणि नावानुसार लाव. ही आज्ञा नेणारे एक साधे फंक्शन आहे, त्याला आज्ञेपलीकडे पर्यायांची चिठ्ठी घेता येत नाही. दुसऱ्याच्या नावाच्या शेवटी ‘विथ ऑप्ट्स’ असे शब्द येतात. त्याला सात गोष्टी द्याव्या लागतात : जोडणी, डेटाबेसचे नाव, आज्ञा, कोणत्या प्रतीतून वाचावे याची पसंती, पर्याय, उत्तर ठेवण्याची जागा आणि चूक झाल्यास ती नोंदविण्याची जागा. पाचवी जागा रिकामी सोडली तर आज्ञा बिनतक्रार पार पडते, आणि ‘ळ’ निमूटपणे ‘ल’च्या शेजारी जाऊन बसतो. चुकीची सूचना कोठेही येत नाही, हेच मला सर्वांत वाईट वाटते.

त्या पाचव्या जागी ‘कोलेशन’ नावाचा पर्याय द्यायचा आणि त्यात ‘लोकेल’ म्हणून मराठीची खूण, म्हणजे रोमन लिपीतील एम व आर ही दोन अक्षरे. ही सोय २०१६ च्या ३.४ या आवृत्तीपासून आहे. हा पर्याय आज्ञेतच लिहिला तरी चालतो. पण वेगळी चिठ्ठी ठेवली की तीच दहा आज्ञांना जोडता येते. त्याच पर्यायात आकड्यांचा क्रम संख्येप्रमाणे मागता येतो, म्हणजे ‘खोली १०’ ही ‘खोली २’च्या आधी येत नाही.

दोन व्यावहारिक गोष्टी. ‘शोध’ या आज्ञेच्या पहिल्या उत्तरात, वेगळे सांगितले नसेल तर, १०१ पर्यंतच नोंदी येतात. मोठ्या वर्गाची यादी तेथेच संपली असे समजू नये, उरलेल्या पुढे मागून घ्याव्यात. आणि नावांवर अनुक्रमणिका म्हणजे इंडेक्स करायचा तर तोही याच मराठी पर्यायासह करावा, नाहीतर क्रम लावताना तो उपयोगी पडत नाही व सर्व्हरला सगळी नावे दर वेळी नव्याने लावीत बसावे लागते.