उपनगरांतील हिवाळा आणि आतड्यांचा क्षोभ : इरिटेबल बाऊल सिंड्रोमविषयी काही विवेचन

प्रस्तावना :

अध्यापनाच्या व्यवसायात घसा, पाठ आणि गुडघे यांच्या तक्रारींविषयी प्राध्यापक-कक्षात मोकळेपणाने बोलले जाते. पोटाविषयी सहसा बोलले जात नाही. व्याख्यान अर्धवट सोडून बाहेर जावे लागेल की काय, या धास्तीने सकाळी काहीही न खाता वर्गावर जाणारे अध्यापक आपल्यात आहेत. यांपैकी काहींना 'इरिटेबल बाऊल सिंड्रोम' अर्थात आयबीएस हा विकार असतो. दिवाळीनंतर, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, त्रास उफाळून येतो असे असे रुग्ण सांगतात आणि त्याचे खापर थंडीवर फोडले जाते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांपुरते पाहिले तर मात्र थंडीपेक्षा थंडीबरोबर येणारे ताट, सणवार आणि परीक्षांचे वेळापत्रक यांचाच वाटा मोठा असावा, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. हवामान कोणाच्या हाती नसते. ताट आणि वेळापत्रक काही अंशी असते. म्हणून हा भेद महत्त्वाचा ठरतो.

विकाराचे स्वरूप :

या विकारात आतड्याची रचना बिघडलेली नसते. दुर्बिणीतून पाहिले तर आतडे निरोगीच दिसते. बिघाड असतो तो आतडे आणि मेंदू यांच्यातील संदेशवहनात. निरोगी माणसाला जाणवणारही नाही इतका वायूचा ताण अशा रुग्णाला कळ म्हणून जाणवतो. २०१६ साली निश्चित झालेल्या 'रोम ४' निकषांनुसार गेल्या ३ महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान १ दिवस पोटदुखी असावी. तसेच शौचाशी तिचा संबंध, शौचाच्या वारंवारतेतील बदल आणि मलाच्या स्वरूपातील बदल यांपैकी किमान दोन गोष्टी आढळाव्यात. लक्षणांचा आरंभ किमान ६ महिन्यांपूर्वी झालेला असावा. कोणास बद्धकोष्ठ, कोणास जुलाब, तर कोणास आलटून-पालटून दोन्ही होतात. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या कृतिदलाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील सर्वसामान्य लोकसंख्येत हे प्रमाण ४.२ टक्के आढळले होते. याचा अर्थ शंभर अध्यापकांच्या महाविद्यालयात सरासरीने चार जण.

येथेच एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. मलातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, ताप, रक्तक्षय, झोपेतून जागे करणारी पोटदुखी अथवा जुलाब, किंवा पन्नाशीच्या आसपास प्रथमच सुरू झालेली तक्रार यांना आयबीएस समजून घरगुती उपाय करीत बसू नये. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अजूनही आढळतो आणि आरंभी त्याची लक्षणे फसवी असतात. थायरॉइडचे विकार आणि आतड्याचा कर्करोग यांचीही शहानिशा डॉक्टरांकडून करून घेणे इष्ट.

थंडीचा वाटा किती?

बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवला असता आयबीएसच्या रुग्णांच्या आतड्याची संवेदनशीलता वाढते, हे प्रयोगांत दिसून आले आहे. तीव्र थंडी हा शरीरावरील ताण आहे आणि आतडे त्या ताणाला प्रतिसाद देते, एवढे त्यावरून मान्य करावे लागते. परंतु मुंबईच्या हिवाळ्याला बर्फाच्या पाण्याची उपमा देता येणार नाही. सांताक्रूझ वेधशाळेत जानेवारीचे सरासरी किमान तापमान सुमारे १६-१७ अंश सेल्सिअस असते आणि दुपारी पारा ३० अंशांच्या पुढे जातो. तेथील नीचांकी नोंद २२ जानेवारी १९६२ ची, ७.४ अंशांची. बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानालगत किंवा मुलुंडच्या डोंगरपायथ्याशी पहाट थोडी अधिक गार असते, इतकेच.

थंडीचे अप्रत्यक्ष परिणाम मात्र दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तहान मंदावल्याने पाणी कमी प्यायले जाते आणि बद्धकोष्ठाच्या रुग्णाला ते चटकन भोवते. पाण्याची जागा चहा घेतो. पहाटेचे फिरणे अंथरुणातच राहते. शिवाय हेमंत ऋतूत जठराग्नी प्रबळ असतो, म्हणून स्निग्ध व जड आहार घ्यावा, हे ऋतुचर्येतील वचन घरोघरी ठाऊक असते. ऋतुचर्या हा स्वस्थ व्यक्तीसाठी सांगितलेला आचार आहे, ही मर्यादा मात्र आग्रहाने लाडू वाढणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही!

चातुर्मास संपल्यानंतर :

मराठी कुटुंबांतील आहाराच्या वार्षिक चक्राकडे या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. आषाढातील कांदेनवमीला कांद्याचे पदार्थ पोटभर खाऊन अनेक घरांत चातुर्मासासाठी कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य केले जाते. कार्तिकी एकादशीनंतर, काही घरांत चंपाषष्ठीला खंडोबास वांग्याचे भरीत, रोडगा आणि कांद्याचा नैवेद्य दाखविल्यानंतर, ते पदार्थ ताटात परततात. ही तिथी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येते. म्हणजे जो काळ रुग्ण 'थंडी सुरू झाली' म्हणून लक्षात ठेवतो, तोच कांदा-लसूण पुन्हा सुरू होण्याचा काळ असतो.

हा योगायोग का महत्त्वाचा, हे समजण्यासाठी ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ पासून मांडलेली 'फॉडमॅप' ही संकल्पना पाहावी लागते. काही कर्बोदके लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांना आंबवून वायू निर्माण करतात. कांदा, लसूण व गहू यांतील फ्रुक्टान, तसेच कडधान्यांतील गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड ही त्यांपैकी प्रमुख होत. वायू सर्वांनाच होतो. संवेदनशील आतड्याला तो सोसत नाही. मोनाशच्या पद्धतीत असे पदार्थ ४ ते ६ आठवडे वर्ज्य करून नंतर एकेक करून पुन्हा सुरू करतात आणि कोणता पदार्थ किती प्रमाणात सोसतो ते ठरवितात. चातुर्मास पाळणारे कुटुंब यातील पहिला टप्पा, अपुऱ्या स्वरूपात का होईना, नकळत पार पाडत असते. अपुरा अशासाठी की गव्हाची पोळी आणि तुरीची आमटी चालूच असते. चूक होते ती दुसऱ्या टप्प्यात : सारे एकदम सुरू होते.

त्यानंतर हिवाळी पदार्थांची रांग लागते. भोगीच्या भाजीत पावटा, घेवडा आणि ओला हरभरा एकत्र येतात. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती वस्तीत संक्रांतीच्या सुमारास उंधियूची रेलचेल असते. त्यात सुरती पापडी, हिरवी लसूण आणि भरपूर तेल. चरबीयुक्त जेवणाने मोठ्या आतड्याचे आकुंचन वाढते, त्यामुळे जेवून उठताच शौचास धावावे लागणाऱ्या रुग्णाला हे तेलच अधिक बाधते. डिंकाच्या लाडवातील खारीकही फ्रुक्टानयुक्त आहे. तीळ, शेंगदाणे, तांदूळ व ज्वारी हे पदार्थ त्यामानाने निरुपद्रवी. तेव्हा तिळगूळ बेताने घेण्यास हरकत नसावी.

ताटातील तडजोड :

सण सोडून द्या, असे सांगणारा सल्ला कोणी पाळत नाही. त्यापेक्षा चंपाषष्ठीनंतर एका आठवड्यात एकच पदार्थ, प्रथम थोड्या प्रमाणात, सुरू करून वहीत नोंद ठेवावी. पदार्थ, वेळ, लक्षण आणि त्या दिवशीची कामाची दगदग, एवढे चार रकाने पुरतात. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर फोडणीला स्वाद येतो आणि त्रास टळतो. आमटीत शिजलेला कांदा नंतर वेचून काढल्याने हे साधत नाही, कारण तोवर फ्रुक्टान रसात उतरलेले असते. कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यावे. बाहेर जेवताना मुंबईत एक सोय आयतीच आहे : बहुतेक उपाहारगृहांत 'जैन' पदार्थ मागता येतात आणि त्यांत कांदा-लसूण नसतो. अर्थात जैन पावभाजीतला पाव गव्हाच्याच मैद्याचा असतो, हे विसरू नये.

तंतुमय आहार वाढवा, हा सरसकट सल्लाही तपासून घ्यावा. नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इसबगोलाचा उपयोग दिसला. गव्हाच्या कोंड्याने मात्र काहींचा त्रास वाढला. इसबगोल अल्प मात्रेने सुरू करावा आणि सोबत पुरेसे पाणी घ्यावे. नेमके हिवाळ्यात ते राहून जाते. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल व अन्य औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. फॉडमॅप आहार दीर्घकाळ पाळणे योग्य नाही. त्याने आहार अकारण संकुचित होतो आणि आतड्यातील उपकारक जिवाणूंचेही पोषण घटते.

प्रवास, परीक्षा आणि प्रसाधनगृह :

सत्र पद्धतीमुळे परीक्षा, उत्तरपत्रिकांची तपासणी, राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर आणि नॅकसाठीचे अहवाल हे सारे नोव्हेंबर ते जानेवारीत एकवटते. ताणाने आतड्याची हालचाल व संवेदना दोन्ही बदलतात. हा मनाचा खेळ नव्हे. मेंदू व आतडे यांना जोडणाऱ्या मज्जातंतूंचे ते कार्य आहे. म्हणूनच बोधात्मक वर्तनोपचार आणि आतड्यावर केंद्रित संमोहनोपचार यांना अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत स्थान आहे.

यात प्रवासाची भर पडते. बोरिवली ते चर्चगेट हे सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर धीम्या लोकलने कापण्यास तासाभराहून अधिक वेळ लागतो आणि उपनगरी गाड्यांत प्रसाधनगृह नसते. आयबीएसच्या रुग्णाला हा तास जितका आजाराने, तितकाच आजाराच्या भीतीने ग्रासतो. भीतीने कळ येते आणि कळीने भीती वाढते. घरून अर्धा-पाऊण तास लवकर उठून न्याहारीनंतर निवांत शौचास वेळ देणे, जलदऐवजी धीमी गाडी निवडणे (मध्येच उतरता येते) आणि वाटेतील कोणत्या स्थानकावर प्रसाधनगृह चालू स्थितीत आहे हे माहीत असणे, या गोष्टी क्षुल्लक वाटतील. पण उतरण्याची सोय आहे एवढ्या जाणिवेनेही पुष्कळदा कळ शमते. स्त्रियांसाठी हा प्रश्न अधिक बिकट आहे. सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' चळवळ उभी राहावी लागली, यावरून त्याचे गांभीर्य कळते.

महाविद्यालयांनाही येथे काही करता येण्यासारखे आहे. पर्यवेक्षणाच्या कामात तीन तास एकाच खोलीत अडकलेल्या अध्यापकाला दहा मिनिटे सोडविण्यासाठी बदली पर्यवेक्षक नेमणे, आणि त्याची मागणी करताना कारण सांगावे न लागणे, एवढी व्यवस्था परीक्षा समितीला एका बैठकीत करता येते. तिला निधी लागत नाही. शिक्षकांचे प्रसाधनगृह कुलूपबंद ठेवून किल्ली कार्यालयात ठेवण्याची प्रथा जेथे असेल, तेथे ती किल्ली परीक्षेच्या मजल्यावर असावी.