दार बदललं की आकडा बदलतो

लखनौच्या चारबाग रेल्वे स्थानकाची पायाभरणी १९१४ सालची. खर्च सुमारे ७० लाख रुपये झाला, असं सांगतात. एवढ्या घुमटांची आणि छत्र्यांची मापं त्या काळी नकाशावर पट्टी ठेवूनच निघाली असणार. आता ती संगणकावरच्या मॉडेलमधूनही काढता येतात. आपल्याकडे नागपूर मेट्रोने ‘फाइव्ह-डी बिम’ वापरलं, म्हणजे लांबी-रुंदी-उंचीला वेळ आणि खर्चही जोडलेलं इमारतीचं मॉडेल.

फरक एका भिंतीत पाहा. १० मीटर लांब, ३ मीटर उंच, २३ सेंटिमीटर जाड, म्हणजे ६.९ घनमीटर बांधकाम. १ बाय २.१ मीटरचं दार वजा केलं की उरतं ६.४२. दाराचं माप बदललं तर हाताने अख्खा तक्ता पुन्हा मांडा. मॉडेलमध्ये आकडा आपोआप बदलतो.

गिलाव्यात मात्र गंमत आहे. दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल, तर आयएस १२०० या बांधकाम-मोजणीच्या भारतीय मानकानुसार ०.५ ते ३ चौरस मीटरच्या दार-खिडकीची वजावट एकाच बाजूची होते; दुसरी बाजू कडांच्या कामापोटी सोडलेली. मॉडेल भूमितीच जाणतं, ते दोन्ही बाजू कापतं. तेव्हा मोजणीचे नियम न भरता निघालेल्या मापांच्या यादीवर सही करू नका.