घरातले थोरले मूल, वय अडीच वर्षे



वार्षिक अहवालात जमाखर्च व रुग्णसंख्येच्या पानांनंतर एखाद्या आरोग्यविषयाची सविस्तर माहिती देण्याची आपल्या संस्थेची प्रथा आहे. यंदा निवडलेला विषय रुग्णालयाच्या कोणत्याही एका विभागाचा नाही. प्रसूतिपूर्व तपासणीच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात थोडा वेळ उभे राहिले तरी तो दृष्टीस पडतो. रांगेत बसलेल्या अनेक गर्भवतींच्या कडेवर, मांडीवर किंवा पदराला धरून एक लहान मूल असते. केसपेपर आईच्या नावाचा असतो. वजन तिचे होते, रक्तदाब तिचा घेतला जातो, पोटातील बाळाचे ठोके ऐकले जातात. पदराला धरून उभ्या असलेल्या त्या तिसऱ्या जीवाची नोंद मात्र कोठेच होत नाही. त्याच्याविषयी हे चार शब्द.

पहिलटकरणीचे आपल्याकडे कोडकौतुक असते. डोहाळे पुरवले जातात, डोहाळजेवण होते, दिवस भरत आले की ती माहेरी जाते. दुसऱ्या खेपेला तीच स्त्री अनुभवी ठरते. वास्तविक पहिल्या वेळी तिला दुपारी घटकाभर आडवे होता येत असे. आता त्याच वेळी थोरल्याला भूक लागलेली असते, नाहीतर त्याने पाण्याची कळशी उपडी केलेली असते. स्वतःचे जेवण उभ्याने, त्याने टाकलेल्या घासांसह उरकते. रात्री त्याला आईच्या कुशीतच झोपायचे असते आणि तिला कूस बदलणेही अवघड झालेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार एका बाळाच्या जन्मानंतर पुढची गर्भधारणा होण्यापूर्वी किमान २४ महिने जावेत. आईच्या शरीराची झीज भरून निघण्यास तेवढा अवधी हवा असतो. त्यात गर्भारपणाचे ९ महिने मिळवले, तर दोन भावंडांत ३३ महिन्यांचे अंतर होते. म्हणजे हा सल्ला पाळून किमान अंतर ठेवणाऱ्या घरातही पाठचे भावंड येते तेव्हा थोरल्याला तीन वर्षे पूर्ण झालेली नसतात. 'आता तू मोठा झालास' असे आपण ज्याला सांगतो, त्याला चपलांचा डावा-उजवा पायही अजून ओळखता येत नसतो.

अंगावरचे दूध आणि ताटातला घास

दिवस गेल्याचे कळताच थोरल्याचे दूध एका दिवसात तोडण्याची पद्धत अजून अनेक घरांत आढळते. गर्भारपणातले दूध मुलाला बाधते, असा समज त्यामागे असतो. हे दूध बाधत नाही. गर्भारपण सुरळीत असेल, तर आईला पाजणे चालू ठेवता येते. मात्र पूर्वी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झाली असेल, रक्तस्राव होत असेल किंवा आईचे वजन वाढत नसेल, तर तो निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. पुढे पुढे दूध आपोआप कमी होते, त्याची चवही बदलते आणि बरीच मुले स्वतःहून सोडतात. तोडायचेच झाल्यास ते हळूहळू, एकेक वेळ कमी करीत तोडावे.

दुधाची जागा कोणत्या अन्नाने भरून निघते, हा खरा प्रश्न आहे. डॉ. सिसिली विल्यम्स या आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात काम करीत असताना त्यांना अंगावर सूज आलेली, कातडी सोललेली, निस्तेज व किरकिरी मुले दिसली. दूध तुटल्यानंतर ती मुख्यतः मक्याच्या पेजेवर वाढत होती. १९३५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील लेखात त्यांनी या आजारासाठी तेथील गा भाषेतील 'क्वाशिओरकर' हे नाव वापरले. पाठचे भावंड आल्यामुळे जागा गमावलेल्या मुलाला होणारा आजार, असा अर्थ त्यांनी दिला. या आजारामागे प्रथिनांची उणीव हे एकच कारण नसून संसर्गासारखी इतर कारणेही असतात, असे आता मानले जाते. पण आजार केव्हा सुरू होतो, हे त्या भाषेतील बायकांनी अचूक हेरले होते.

आपल्याकडे पेजेची जागा वरणाचे पाणी, चहा-बिस्किट आणि पुड्यांतला खाऊ घेतो. त्याने पोट भरते, पण वाढ होत नाही. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मधे एक-दोन वेळा खाणे लागते. घट्ट वरण-भातावर तूप, कुस्करलेली उसळ, अंडे, दही, शेंगदाण्याचा कूट घातलेली भाजी, नाचणीची लापशी यांत महाग असे काही नाही. अख्खे शेंगदाणे मात्र देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. आणि थोरल्याचे दर महिन्याला वजन करावे. अंगणवाडीच्या तक्त्यावरील त्याची रेषा आडवी झाली किंवा खाली वळली, तर ती पाठच्याची किरकिर समजून सोडून देऊ नये.

लाल गोळी

अहवाल वर्षातील एक प्रसंग, कोणाचीही ओळख न देता, येथे नमूद करतो. एका संध्याकाळी आजी व सात महिन्यांची गर्भवती आई दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. आईच्या लोहाच्या गोळ्यांचे पाकीट उशाशी होते. मुलाने ते उघडले होते. पाकिटातल्या आठ गोळ्या नव्हत्या. मुलाला दोनदा उलटी झाली आणि नंतर तो खेळू लागला. शेजारच्या मंडळींनी, उलटीवाटे सगळे पडून गेले, आता काळजी नको, असे सांगितले. आजींचे समाधान झाले नाही. रिकामे पाकीट पदरात बांधून त्यांनी मुलाला रुग्णालयात आणले.

शासनाकडून गर्भवतींना मिळणारी लोहाची गोळी लाल रंगाची व साखरेचे आवरण असलेली असते. मुलाच्या दृष्टीने ती गोड गोळीच होय. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक लोह पोटात गेले, तर त्रास होऊ शकतो आणि ६० मिलिग्रॅमच्या पुढे जिवावर बेतू शकते. दहा किलोच्या मुलाच्या बाबतीत दहा गोळ्या म्हणजे ही दुसरी मर्यादा झाली. या विषबाधेत आणखी एक फसगत असते. सुरुवातीच्या उलट्या थांबल्यावर काही तास मूल बरे दिसते आणि त्यानंतर एकाएकी खालावू शकते. म्हणून मूल खेळते आहे हे पाहून थांबू नये, मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याच्या भरीस पडू नये आणि पाकीट सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

त्या मुलावर वेळेत उपचार झाले आणि चौथ्या दिवशी तो घरी गेला. महिन्याने तपासणीस आलेल्या आईचे हिमोग्लोबिन मात्र पूर्वीपेक्षा खाली आले होते. विचारता विचारता कळले की त्या रात्रीच तिने घरातील सगळ्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या होत्या व नंतर एकही घेतली नव्हती. भीतीपोटी तिने जे केले, ते कोणतीही आई करील. परंतु प्रसूतीच्या वेळी होणारा रक्तस्राव रक्तक्षयी शरीराला झेपत नाही, हेही तितकेच खरे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवती आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त होती. लोहाची गरज आई व थोरले मूल या दोघांनाही आहे. तिला रोज एक गोळी, त्याला आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर पातळ औषध. दोघांचे औषध वेगळे आणि मात्राही वेगळी, एवढे ध्यानात असले पाहिजे.

त्या घरातील तोडगा शेवटी वडिलांनी काढला. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा त्यांनी सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. रोज रात्री जेवणानंतर ते स्वतः एक गोळी काढून पत्नीच्या हातावर ठेवीत. पुढील तपासणीत हिमोग्लोबिन वाढलेले आढळले.

उचलून घेणे, रुसणे, आजारी पडणे

'याला आता उचलू की नको?' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई विचारते. गर्भारपणात गुंतागुंत नसेल, तर थोरल्याला अधूनमधून उचलण्यास सहसा हरकत नसते. कमरेतून न वाकता गुडघे वाकवून त्याला अंगाजवळ धरून उचलावे, शक्य तेव्हा बसून त्यालाच मांडीवर चढू द्यावे. रक्तस्राव होत असल्यास, वार खाली असल्यास किंवा डॉक्टरांनी मनाई केली असल्यास उचलू नये.

या काळात शी-शू सांगू लागलेले मूल पुन्हा कपडे ओले करते, घास भरवून मागते, आईला क्षणभरही सोडत नाही. हा हट्टीपणा नव्हे. घरात काहीतरी बदलते आहे, हे त्याला कळते आणि ते सांगण्यास शब्द नसतात. आल्यागेल्याने 'आता तुझे लाड संपले' असे म्हणून त्याची थट्टा करू नये. मोठ्यांना ती गंमत वाटते, त्याला ती बातमी वाटते. बाळ येण्याच्या आधी काही आठवडे त्याला आजीजवळ किंवा वडिलांजवळ झोपण्याची सवय लावावी, म्हणजे आपली जागा बाळाने घेतली असे त्याला वाटणार नाही.

थोरल्याच्या लसीही पाहून घ्याव्यात. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा व त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा धावपळीत राहून जाते. नवजात बाळाला डांग्या खोकल्यापासून संरक्षण देणारी पहिली लस सहा आठवड्यांनी मिळते. तोपर्यंत घरातील खोकला त्याच्यापर्यंत येऊ न देणे, हेच त्याचे संरक्षण असते.

मूल कोणाकडे ठेवू?

रक्तदाब वाढल्यामुळे ज्या गर्भवतींना दाखल होण्यास सांगावे लागते, त्यांतील काही जणी नकार देतात. आम्ही पूर्वी त्यास अज्ञान समजत असू. कारण नीट विचारले, तेव्हा बहुधा एकच उत्तर आले : 'याला कोणाकडे ठेवू?' विभक्त कुटुंबात, नवरा रोजंदारीवर असताना, या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. आणि वाढलेला रक्तदाब उत्तराची वाट पाहत नाही.

म्हणून अहवाल वर्षात आम्ही आमच्या पद्धतीत काही फरक केला. आईच्या तपासणीच्या दिवशीच थोरल्याचे वजन व लसीकरणाचे कार्ड पाहिले जाते. 'गोळ्या घरी कोठे ठेवता?' हा प्रश्न केसपेपरवर छापून घेतला आहे. सर्दी-ताप नसलेल्या थोरल्या भावंडांना हात धुऊन, दिवसातून दोन वेळा, प्रसूती कक्षात आईजवळ बसता येते. दाखल झालेल्या आईच्या मुलाला घेऊन आजीला किंवा मावशीला राहता यावे, यासाठी आवारातील जुन्या भांडारगृहाची खोली करण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळाने मान्य केला आहे. त्या कामास हातभार लावण्याची आमच्या देणगीदारांना नम्र विनंती आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमचे सांगणे एवढेच, की पुढील तपासणीस येताना थोरल्याला घरी ठेवण्याची सोय नसेल, तर तपासणी चुकवू नका. त्यालाही घेऊन या. त्याच्यासाठी वजनकाटा तयार असेल.