रायफलीचा नेम आणि दस्त्याचे लाकूड

रायफलीचा नेम नळीवर अवलंबून असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी म्हणावी लागेल. नळी आणि तिच्यामागची पोलादी यंत्रणा ज्या लाकडी दस्त्यात बसवलेली असते, तो दस्ता ढिला पडला वा पिळला, तर उत्तम नळीचीही गोळी दरवेळी वेगळ्याच ठिकाणी लागते.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरले. पण आजोबांची रायफल परवान्यासह जपणारी घरे अजून आहेत. छत्रपती संभाजीनगरात, गारखेड्यातल्या एखाद्या घरी अशी रायफल असेल, तर तिचा खरा शत्रू हवामान होय. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि लाकूड आकसते. जुलैत तेच लाकूड ओल पिऊन फुगते. हा फरक रेषांच्या दिशेने जवळजवळ नसतो, आडव्या दिशेने मात्र बराच असतो. परिणामी स्क्रू ढिले पडतात, लाकूड नळीला एका बाजूने रेटू लागते आणि मनगटासारख्या बारीक भागाला चीर जाते.

नवा दस्ता घडवायचा तर अक्रोडाला तोड नाही. तो धक्का सोसतो, फारसा पिळत नाही आणि पटाशीखाली सुबक कापला जातो. साग आपल्याकडे सहज मिळतो खरा. पण त्यातील तेलामुळे चिकट द्रव्ये नीट धरत नाहीत. लाकूड कोणतेही असो, मनगटाच्या भागात रेषा सरळ धावायला हव्यात. नक्षीदार रेषांच्या मोहात पडून इथेच अनेक जण फसतात.

बसवण्याची रीत मोठ्या चिकाटीची आहे. धातूच्या भागाला काजळ फासून तो खोबणीत दाबायचा, काढायचा आणि लाकडावर जिथे काळा डाग उमटेल तेवढेच खरवडायचे. असे शेकडो वेळा करावे लागते. माउझर पद्धतीच्या रायफलीत यंत्रणेच्या पुढील भागाखाली धातूचा एक खूर असतो. बार उडताच मागे येणारा धक्का तोच दस्त्याला देतो. त्याची मागची बाजू लाकडाला सपाट टेकली नाही, तर दस्ता फुटणार हे नक्की. म्हणूनच आता त्या जागी इपॉक्सीचा थर ओततात. यालाच बेडिंग म्हणतात. धातूला आधी मेण चोळतात. ते विसरल्यास रायफल दस्त्यात कायमची चिकटते! स्क्रूंभोवती ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या, की आवळताना लाकूड चेपत नाही. नळी व लाकूड यांच्यात मात्र कागदाची पट्टी सहज सरकावी एवढी फट ठेवतात.

हा नियम सरसकट लावू नये. ईशापूरच्या कारखान्यातील .303 रायफलीचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. तिचे लाकूड पुढच्या टोकाशी नळीला मुद्दाम आधार देते, त्यामुळे तिथे फट पाडणे नेमाला मारकच ठरते. शिवाय तिच्या जुन्या घडणीत मागचा दस्ता धरणाऱ्या लांब बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड न उतरवता मागचा बोल्ट फिरवला, की ते लाकूड उभे चिरते. भारतीय बनावटीत या लाकडात एक आडवा स्क्रू दिसतो, तो चीर रोखण्यासाठीच.

शस्त्र कायदा 1959 नुसार बंदूक दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. तेव्हा हे काम ओळखीच्या सुताराकडे नव्हे, परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. त्याच्याकडून जवसाच्या तेलाचे हात बाहेरून द्यावेतच; पण खोबणीच्या आत आणि मागच्या पट्टीखालच्या उघड्या टोकालाही लाकूड बंद करून घ्यावे. ओल तिथूनच शिरते. पहिला पावसाळा सरल्यावर एक स्क्रू किंचित सैल करून पाहावा. नळी लाकडातून वर उचलली गेली, तर यंत्रणा अजून ताणाखाली बसली आहे असे समजून ती पुन्हा कारागिराकडे न्यावी.