फ्रिजमधला गॅस ‘संपतो’ म्हणजे काय होतं?

(एपिसोडचं हे लिखित रूप. बोलण्यातली पुनरावृत्ती काढलीये, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.)

गीझरवरचा एपिसोड आला तेव्हापासून फ्रिजबद्दल विचारणा सुरू आहे, आणि त्यात पहिल्या नंबरचा प्रश्न हा : “मेकॅनिक म्हणतोय गॅस संपलाय, भरावा लागेल. भरून घेऊ का?” तर आज तिथूनच सुरुवात करू.

फ्रिजमधला गॅस संपत नाही. स्कूटरमधलं पेट्रोल संपतं कारण ते जळतं. सिलिंडर संपतो कारण आपण तो जाळतो. फ्रिजचा गॅस मात्र एका बंद नळीत गोल गोल फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबल्यावर तो तापतो. मग तो मागच्या काळ्या जाळीत जातो (नव्या बऱ्याच फ्रिजमध्ये ही जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्याच्या आत असते. म्हणून बाजू गरम लागली तर घाबरू नका). तिथे उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो. पुढे एका अगदी बारीक नळीतून तो फ्रीझरपाशी येतो. तिथे दाब एकदम कमी, त्यामुळे तो उकळायला लागतो आणि उकळायला लागणारी उष्णता तुमच्या दुधातून, भाजीतून खेचून घेतो. परत कॉम्प्रेसर. बस, एवढंच. कारखान्यात भरलेला गॅस पंधरा वर्षंसुद्धा तोच राहू शकतो.

म्हणजे गॅस कमी झाला असेल तर एकच अर्थ : कुठेतरी भोक आहे. आणि भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरणं. दोन-तीन महिने चालेल, मग परत फोन. तेव्हा मेकॅनिकला पहिला प्रश्न हाच विचारायचा, “लीक कुठे सापडला?” नीट काम करणारा माणूस आधी नायट्रोजनचा दाब देऊन लीक शोधतो, जोड पक्का करतो, ड्रायर-फिल्टर बदलतो, व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल काढतो, आणि शेवटी काट्यावर वजन करून गॅस भरतो. किती ग्रॅम भरायचा ते फ्रिजच्या किंवा कॉम्प्रेसरच्या लेबलवर छापलेलं असतं. जो पंधरा मिनिटांत अंदाजाने गॅस सोडून निघतो, त्याने यातलं काय काय केलं असेल ते तुम्हीच ठरवा.

आता तेच लेबल जरा नीट वाचा. त्यावर गॅसचं नाव असतं. जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ असायचा, तोच तो ओझोनच्या थराला भोक पाडणारा. १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. मग आर-१३४ए आला. त्याने ओझोन वाचला, पण तापमानवाढीच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जड. आता नव्या घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक ठिकाणी दिसतो तो आर-६००ए. याचं साधं नाव आयसोब्यूटेन. म्हणजे तुमच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊ. पर्यावरणाला चांगला, विजेला किफायतशीर, पण पेटणारा.

लगेच घाबरू नका, आकडे बघू. फ्रिजमध्ये हा गॅस असतो साधारण ५० ग्रॅम, मोठ्या फ्रिजमध्ये थोडा जास्त. घरगुती फ्रिजसाठी आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादाच १५० ग्रॅमची आहे. सिलिंडरमध्ये असतो १४.२ किलो. ५० ग्रॅम आयसोब्यूटेन सगळाच्या सगळा बाहेर आला तर त्याची जागा होते साधारण २१ लिटर. आठ बाय दहाच्या, नऊ फूट उंचीच्या स्वयंपाकघरात हवा असते वीस हजार लिटरच्या आसपास. म्हणजे प्रमाण ०.१ टक्का. पेटायला किमान १.८ टक्के लागतं. त्यामुळे खोलीभर पसरलेला फ्रिजचा गॅस पेटेल ही भीती फारशी खरी नाही.

पण हेच गणित फ्रिजच्या आत करून बघा. २०० लिटरची बंद पेटी, आणि लीक आतल्या बाजूला. तिथे ५० ग्रॅम खूपच होतात. अगदी थोडा गॅस सुटला तरी १.८ टक्के ओलांडले जातात, आणि सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला जो उग्र वास असतो तो या गॅसला नसतो. म्हणून आर-६००ए च्या फ्रिजमधले आतले स्विच, दिवा, थर्मोस्टॅट हे ठिणगी पडणार नाही अशा बनावटीचे असतात. म्हणून आतला दिवा गेला तर मिळेल तो बल्ब तिथे कोंबायचा नाही. आणि म्हणूनच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की आत विजेवर चालणारी कुठलीही वस्तू ठेवू नका.

आणि आत लीक होतो कसा? आपणच करतो बऱ्याचदा. सिंगल डोअर फ्रिजच्या फ्रीझरमध्ये बर्फ साचतो, मग आपण सुरी घेऊन बसतो. त्या बर्फामागे पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा असतो आणि त्याच पत्र्यात गॅसचे मार्ग असतात. सुरीचं टोक एकदा घुसलं की फुस्स. बर्फ अर्धा सेंटिमीटर झाला की डिफ्रॉस्टचं बटण दाबा, किंवा सरळ फ्रिज बंद करून दार उघडं ठेवा, आत गरम पाण्याचं भांडं ठेवा. दोन-तीन तास जातात, जाऊ द्या. हेअर ड्रायर, हीटर वगैरे नको.

मेकॅनिक आगीचा टॉर्च घेऊन नळी जोडतो तेव्हाही हेच लक्षात ठेवा. आधी गॅस पूर्ण काढलेला पाहिजे, खिडक्या उघड्या पाहिजेत, शेगडी बंद पाहिजे. “हा आर-६००ए आहे, बघितलंत ना?” एवढं विचारायला काहीच हरकत नाही. त्याला राग आला तर दुसरा शोधा.

आता मला ज्यावर जास्त बोलायचंय ती गोष्ट. ‘फ्रिजचा स्फोट’ अशी बातमी येते तेव्हा आपण फ्रिजकडेच बघतो. पण दुसरी एक शक्यता आहे जी जास्त मोठी आहे : गॅस सिलिंडरचा, ठिणगी फ्रिजची. रेग्युलेटर किंवा रबरी नळी रात्रभर गळत राहिली. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि त्याचा रिले कुठे असतो? मागे, अगदी खाली. फ्रिज तर कुणाला न विचारता दर थोड्या वेळाने आपोआप चालू-बंद होतो. साध्या, जुन्या पद्धतीच्या रिलेत त्या क्षणी बारीकशी ठिणगी पडते. एरवी तिला काही महत्त्व नाही.

म्हणून घरात शिरताना गॅसचा वास आला तर दिवा लावायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण फ्रिजचा प्लगही काढायचा नाही हे माहीत नसतं. प्लग काढतानाही ठिणगी पडते. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, फ्रिजचं दारसुद्धा उघडू नका, सगळे बाहेर या. मेन स्विच घराबाहेर, जिन्यात असेल तर तिथून बंद करता येईल. मग १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन, तोही बाहेर येऊन. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायची सवय आपल्या आज्यांना होती, ती फुकटची सेफ्टी आहे. आणि फ्रिज शेगडीला चिकटून ठेवू नका. छोट्या स्वयंपाकघरात जागा नसते हे मान्य, पण अशा घरात फ्रिज हॉलमध्ये गेलेला बरा. पाहुणे हसले तर हसू देत.

जागेवरून आठवलं, मागे आणि बाजूंना हवा खेळायला जागा सोडा. किती ते मॅन्युअलमध्ये असतं, नसेल तर मागे वीतभर धरा. भिंतीला टेकवलेला फ्रिज उष्णता टाकणार कुठे? तो जास्त वेळ चालतो, बिल वाढतं, कॉम्प्रेसर लवकर म्हातारा होतो. बाजू गरम होणारा फ्रिज असेल तर वरून खाली लोंबणारं ते विणलेलं कव्हर काढा. घर बदलताना फ्रिज उभाच न्या. आडवा करावाच लागला तर नव्या घरी तो उभा करून काही तास तसाच राहू द्या, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल जागेवर येईल, मग चालू करा.

अर्थिंग. फ्रिजच्या हँडलला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि घरातले सांगतात, “अगं, चप्पल घालून उघड ना.” असं किती घरांत चालतं! ती झिणझिण म्हणजे पत्र्यावर करंट आलाय आणि त्याला जमिनीत जायला तुमच्याशिवाय दुसरी वाट नाही. तीन पिनांच्या प्लगमधली जाडी, लांब पिन ही ती दुसरी वाट असते. ती लांब अशासाठी की प्लग घालताना अर्थ सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा. दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला की हे सगळं वाया. जुन्या इमारतींत तर सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायरच नसते. भाड्याने घर घेताना इलेक्ट्रिशियनकडून एवढं एक तपासून घ्या.

“पण आमच्याकडे एमसीबी आहे.” एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरपर्यंत शांत बसतो. माणसाच्या छातीतून ०.०५ अँपिअर गेला तरी जीव जाऊ शकतो, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलीअँपिअरचा. जाणारा करंट आणि परत येणारा करंट तो सतत ताडून बघतो, फरक पडला की तोडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर बदला. फ्रिजला स्वतःचं सॉकेट द्या, मायक्रोवेव्हसोबत एक्स्टेन्शन बोर्डवर नको.

लाइट गेली आणि लगेच आली, तर? कॉम्प्रेसरच्या एका बाजूला अजून जास्त दाब असतो, मोटर त्या दाबाविरुद्ध सुरू होऊ शकत नाही. नुसती घूं घूं करते, तापते, मग ओव्हरलोड तिला टिक करून तोडतो. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सर्व्हर पडल्यावर सगळ्यांनी त्याच क्षणी रिट्राय केल्यासारखं. तीन ते पाच मिनिटं थांबायचं असतं. स्टॅबिलायझरमध्ये आणि नव्या मॉडेलमध्ये हे थांबणं आपोआप होतं, जुन्या फ्रिजला तुम्ही थांबवायचं.

लाइट जास्त वेळ गेली, पुण्याकडे गुरुवारी जाते तशी, तर दार न उघडता खालचा भाग साधारण चार तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. गणपतीला आठवडाभर गावी जाताय? फ्रीझरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करा आणि त्यावर एक नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं तळाला दिसलं तर समजा मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. आतले मासे-मटण टाकून द्या.

आत तापमान चार अंशांच्या आसपास हवं, फ्रीझरमध्ये उणे अठरा. डायलवरचे एक ते सात म्हणजे अंश नव्हेत. आकडा मोठा तितकं जास्त थंड. एक साधा थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात घालून रात्रभर आत ठेवला की खरं काय ते कळतं. कच्चं मटण-मासे कायम खालच्या कप्प्यात, झाकून, म्हणजे त्याचं पाणी शिजलेल्यावर टपकणार नाही.

आणि भात. रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीचा भात करणं आपल्याकडे अगदी नेहमीचं. पण तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. उबेत भात राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. खमंग फोडणीचा इथे उपयोग नाही. भात पसरट डब्यात काढा, वाफ गेली की तास-दीड तासात फ्रिजमध्ये. सकाळी फोडणी द्या, भात उलट मोकळा होतो.

देखभालीत दोनच गोष्टी सांगतो. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल झालंय. आणि मागे कॉम्प्रेसरच्या वरचा तो ट्रे, ज्यात डिफ्रॉस्टचं पाणी येतं. डेंग्यूवाल्या एडिस डासाला असंच स्वच्छ, शांत पाणी लागतं. महापालिकेची माणसं तपासणीला आली की फ्रिजचा ट्रे बघायला सांगतात ते उगाच नाही. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ओतून पुसून टाका. मागे हात घालण्याआधी प्लग काढा.

जुना फ्रिज काढताना भंगारवाल्याला देऊ नका, तो नळी कापून गॅस हवेत सोडतो. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत फ्रिज येतो. नवा घेताना जुन्याचं काय करणार हे कंपनीला, दुकानदाराला विचारा, आणि अधिकृत रिसायकलरकडेच जाऊ दे. तोवर तो गॅलरीत किंवा पार्किंगमध्ये पडून राहणार असेल तर दार काढून ठेवा. पूर्वीच्या फ्रिजना बाहेरून खटक्याने लागणारी दारं असायची आणि लपाछपी खेळताना मुलं आत अडकून गुदमरायची. अमेरिकेत यासाठी १९५६मध्ये कायदा करावा लागला, दार आतून ढकलून उघडलंच पाहिजे असा. आजचं चुंबकाचं रबर आतून ढकलता येतं, पण तीन वर्षांच्या मुलाला, अंधारात, घाबरलेलं असताना ते जमेलच असं नाही. बिजागरीचे स्क्रू काढायला दहा मिनिटं लागतात.