शेजारच्या कोंबड्या आपल्या परसात

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, ती आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोहोचते. वारीला निघालेली शेजारची आजी घराला कुलूप लावताना म्हणते, "एवढ्या कोंबड्या सांभाळ गं बाई." नाही कसे म्हणणार? वीस-बावीस दिवसांचा तर प्रश्न! पण संध्याकाळी डालगे आणून परसात ठेवले की काम संपले, असे समजू नका. दिवस पावसाचे, आणि ठेव दुसऱ्याची. तेव्हा तयारी आधीच करा.

जागा कशी निवडाल?

परसातला उंचवटा पाहा. पाणी साचते ती जागा नको, आणि आपल्या खुराड्याला लागूनही नको. दर कोंबडीला दोन चौरस फूट जागा धरा. दहा कोंबड्यांना पाच फूट लांब व चार फूट रुंद खोपटे पुरते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. गोठ्याची पडवी रिकामी असेल तर उत्तमच.

जमीन चोपून घट्ट करा आणि वर तीन-चार बोटे भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा. तो रोज खालीवर करा. ओला झालेला भाग काढून टाका व तिथे चुन्याची भुकटी भुरभुरा. ओल्या भुशातच रक्ती हगवणीचे मूळ असते. पावसाच्या बाजूला बारदान सोडा. मात्र वरून वारा खेळता राहू द्या. चारी बाजू कोंदल्या तर कोंबड्यांना सर्दी धरते.

बसायला जमिनीपासून दीड-दोन फुटांवर बांबू बांधा. अंड्यांसाठी चार-पाच कोंबड्यांमागे गवत घातलेली एक पाटी पुरे. कोपऱ्यात कोरडी माती व राख ठेवा. तीत अंग घुसळले की उवा-पिसवांचा त्रास कमी होतो.

मुंगूस आणि रानमांजर यांना विसरू नका. मुंगूस खालून उकरते, म्हणून जाळी अर्धा फूट जमिनीत गाडा किंवा कडेने दगड रचा.

पहिले पाच दिवस

कोंबडी आपले घर विसरत नाही. सकाळी मोकळी सोडली तर संध्याकाळी ती कुलूप लावलेल्या दारातच जाऊन बसेल आणि रात्री मांजराच्या तोंडी पडेल. म्हणून पहिले चार-पाच दिवस कोंडूनच ठेवा. शेजारणीचे जुने डालगे आत ठेवले तर त्या लवकर रुळतात. मग एके दिवशी दिवस मावळायच्या तासभर आधी सोडा. अंधार पडताच त्या आत येतील.

कोंडलेल्या कोंबडीला रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागते. नुसत्या धान्यावर भागवू नका. थोडी पेंड, पालेभाजीचा पाला आणि शिंपल्यांचा चुरा द्या. दहा कोंबड्यांना दोन-अडीच लिटर स्वच्छ पाणी ठेवा. भांडी मात्र वेगळी हवीत.

रोगाची काळजी

मानमोडीची लस दिली आहे का, हे आधी विचारा. दिली नसेल तर निघण्यापूर्वी पंधरा दिवस पशुवैद्यकीय दवाखान्यातून द्यायला सांगा. लसीचा गुण यायला तेवढा वेळ लागतो. रोज आधी आपल्या कोंबड्यांचे काम करा, मग पाहुण्यांचे, आणि हातपाय धुवा. एखादी मान टाकून बसली तर लगेच बाजूला काढा. मेलेली उकिरड्यावर फेकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. पटापट मरू लागल्या तर तडक दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या होत्या.

बोलणे आधीच व्हावे

कोंबड्या मोजून घ्या. अंडी कोणाची, दाणा कोणाचा, एखादी दगावली तर काय, हे निघण्यापूर्वीच हसतखेळत ठरवा. चार अंड्यांवरून पिढ्यानपिढ्यांचा शेजार तुटल्याची उदाहरणे गावोगाव सापडतील. एखादी दगावलीच तर लपवू नका. फोनवर त्याच दिवशी सांगा.

आणि एखादी कोंबडी खुडूक झाली असेल, तर पालखी निघेल त्या दिवशीच तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा. पिल्ले बाहेर यायला एकवीस दिवस लागतात. आजी प्रसाद घेऊन परतेल, तेव्हा तिच्या हातात नुसते डालगे नको, चिवचिवणारी पाटीही द्या!