धूर दिसत नाही, म्हणजे धोका नाही?

निलंगा परिसरात घरात गॅसची टाकी असली, तरी तुरीची रास झाली की तुराट्यांवर चूल पेटतेच. जन्मात विडीला हात न लावलेल्या बाया धाप लागते म्हणून दवाखान्यात येतात, तेव्हा अनेकींच्या आजाराचे मूळ या चुलीत असते. सीओपीडीत फुप्फुसांचे झालेले नुकसान भरून येत नाही.

धूर म्हणजे न जळालेले इंधन. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू आणि डांबरासारखी वाफ निघते. साध्या चुलीत त्यांना योग्य जागी पुरेशी हवा मिळत नाही. गॅसिफायर शेगडीत हवेच्या दोन वाटा असतात. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेची ‘संपदा’ शेगडी याच तत्त्वावर चालते.

अनेक जण अशी शेगडी घरीच डब्यांपासून करतात. बाहेरच्या डब्याला खाली मोठी छिद्रे. आत बोटभर उंचावर दुसरा, अरुंद डबा. त्याच्या तळाला थोडी बारीक छिद्रे आणि वरच्या काठाखाली छिद्रांची रांग. तळाच्या हवेने लाकडातून वायू निघतो. दोन डब्यांमधल्या फटीतून तापत वर आलेली हवा तो जाळते. म्हणून वरची वाट खालच्यापेक्षा बरीच मोठी हवी. खालून हवा जास्त झाली, तर वायू भराभर निघतो, वरची हवा पुरत नाही आणि काजळी धरते. वाळलेले छोटे तुकडे वरच्या छिद्रांच्या खालपर्यंतच भरावेत आणि वरून पेटवावेत. भांडे काठाला टेकवू नये. बोटभर फट ठेवावी. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये, तापल्यावर त्याची वाफ बाधते.

खरी काळजी शेवटी घ्यायची. ज्योत संपते, धूर थांबतो, तळाशी लाल निखारे उरतात. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. बंद खोलीत झोपलेला माणूस जागा होत नाही.

म्हणून शेगडी अंगणात किंवा उघड्या पडवीतच पेटवावी. उरलेले निखारे घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात ओतून बाहेरच विझू द्यावेत. थंडीत उबेसाठी ते घरात नेऊ नयेत. शेगडीजवळ डोके जड झाले, तर आधी मोकळ्या हवेत जावे, मग दवाखाना गाठावा. आणि ज्यांना आधीच धाप लागते, त्यांनी स्वयंपाक गॅसवरच करावा.